वळीव झाला, पण पेरायचं कधी? हवा, हवामान आणि आपल्या रानाखालचा दगड



रोहिणी नक्षत्र लागलं, माण-खटावच्या काही गावांत वळीव दणकून झाला आणि कार्यालयात फोन सुरू झाले. "बियाणं कधी देताय? बाजरी टाकून घेऊ का?" बियाणं आलेलं आहे, सगळ्यांना मिळेल. पण पिशवी फोडायच्या आधी एवढं वाचून घ्या. मेसेज जरा लांब आहे, सवडीनं वाचा.

शाळेच्या भूगोलात आपण दोन शब्द शिकलो होतो, हवा आणि हवामान. आज दुपारी ढग आले, वारं सुटलं, पाऊस पडला, ही *हवा*. ती तासातासाला बदलते. एखाद्या भागात वर्षानुवर्षं सरासरी काय घडतं ते *हवामान*. त्यासाठी हवामान खातं 30 वर्षांच्या नोंदी धरतं, सध्या 1991 ते 2020 या काळातल्या. मोबाईलवर जो "हवामान अंदाज" येतो तो खरं तर हवेचा अंदाज असतो. बोलताना आपण दोन्हीला हवामानच म्हणतो, त्यात काही बिघडत नाही. पेरणी करताना मात्र हवा बघून हवामान विसरलं की बियाणं मातीत जातं.

2025 साल आठवा. मॉन्सून 24 मे रोजी केरळात आला आणि 26 मे रोजी मुंबईत. मुंबईत नेहमीची तारीख 11 जून. त्याच सुमारास फलटण-बारामतीकडे मे महिन्यातच ओढे भरून वाहिले. आता पाऊस थांबत नाही असंच सगळ्यांना वाटलं. पण 29 मेपासून मॉन्सूनची पुढची चाल जी थांबली ती जूनच्या मध्यापर्यंत. पेरणीची घाई करू नका, असं कृषी विभाग तेव्हा सांगत होता, ते याचसाठी.

आता आपल्या भागाचं हवामान बघू. महाबळेश्वरला वर्षाला 6000 मिमीच्या आसपास पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर दहिवडी, तिथे 500 मिमीच्या आसपास. समुद्रावरून आलेलं ओलं वारं सह्याद्रीला धडकून वर चढतं. वर जाईल तसं ते थंड होतं, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश, आणि त्यातल्या वाफेचं पाणी होऊन घाटमाथ्यावरच कोसळतं. डोंगर ओलांडून वारं खाली उतरलं की पुन्हा तापतं, कोरडं होतं. ढग आपल्या डोक्यावरून पळताना दिसतात पण पडत नाहीत, त्याचं कारण हे. यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टला बहुतेक भुरभुरच असते, मोठा पाऊस येतो तो सप्टेंबरात. म्हणजे पेरणीनंतर दोन-तीन आठवड्यांची उघडीप हे आपल्याकडे संकट नव्हे, नेहमीचंच आहे. तेवढे दिवस रोप जगेल इतकी ओल पेरणीच्या वेळी मातीत पाहिजे.

ओल किती टिकणार हे खालच्या दगडावर ठरतं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या दगडावर बसलाय तो साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेल्या लाव्हारसाचा. तो थरावर थर साचत गेला. वरचा थर ऊनपावसानं कुजून मुरूम झाला, मुरमाची पुढे माती झाली. सखल भागात माती वाहून येऊन काळं, खोल रान तयार झालं, आणि माळावर वीतभर मातीखाली लगेच मुरूम लागतो. काळ्या रानात एकदा ओल गेली की बरेच दिवस राहते. माळरान आज भिजतं आणि चार उन्हांत वाळतं. म्हणून शेजाऱ्यानं पेरलं एवढ्यावर आपण पेरू नये. त्याचं रान काळं असेल, आपलं माळाचं.

"विहिरीचं पाणी देऊ की", असंही काही जण म्हणतात. विहिरीत जे येतं ते याच मुरमात आणि दगडाच्या भेगांत मुरलेलं पाणी. जूनमध्ये त्या भेगा रिकाम्या असतात, आणि त्या भरायलाही पाऊसच लागतो. खालच्या अखंड पाषाणात भेगच नसेल तर बोअर कितीही खोल नेलं तरी धूळच निघते.

मग पेरायचं कधी? कृषी विभाग आणि विद्यापीठांचा सल्ला एकच आहे : *75 ते 100 मिमी पाऊस झाल्यावर, आणि तोही चांगला खोल मुरल्यावर.* 1 मिमी पाऊस म्हणजे एकरी साधारण 4000 लिटर पाणी. 75 मिमी म्हणजे 3 लाख लिटर. एका वळवात एवढं क्वचितच पडतं, आणि पडलं तरी निम्मं ओढ्याला जातं.

पाऊस मोजायचा कसा? महसूल मंडळाचं यंत्र आपल्या रानापासून दहा किलोमीटरवर असू शकतं, आणि वळीव तर बांधाच्या अलीकडे पडतो, पलीकडे नाही. सरळ उभ्या कडांचा, सपाट तळाचा डबा घ्या. झाड आणि घरापासून लांब, उघड्यावर घट्ट बसवा. सकाळी पट्टी बुडवून बघा. 1 सेंटिमीटर पाणी म्हणजे 10 मिमी पाऊस. तारीख घालून वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. सोबत कुदळीनं खणून ओल किती खोल गेलीय तेही बघा. वीतभर खाली माती कोरडी लागली तर थांबा.

अंदाज वाचताना एक लक्षात ठेवा. "तुरळक ठिकाणी पाऊस" याचा अर्थ थोडा पाऊस असा नाही. जिल्ह्यातल्या चारातल्या फार तर एका ठिकाणी पडेल, असा तो आहे. पडेल तिथे धो-धोसुद्धा पडेल. "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे निम्म्याहून जास्त ठिकाणी, आणि "बहुतांश" म्हणजे त्याच्याही वर. बातमीत हे शब्द सलग तीन-चार दिवस दिसले, वारं पश्चिमेकडून धरून राहिलं आणि आपल्या डब्यातला आकडा 75 च्या वर गेला, की तिफण बाहेर काढायला हरकत नाही.

दर सोमवारी डब्याचे आकडे गावाच्या नावासह याच नंबरवर पाठवा. सगळ्या गावांचा तक्ता करून मंगळवारी सकाळी परत पाठवू. बियाणं वाटप त्या तक्त्यानुसार, आधी पाऊस पुरा झालेल्या गावांना. नोंदणीची पावती जपून ठेवा, उशिरा नेलं तरी तुमच्या पिशव्या राखून ठेवलेल्या आहेत.