उल्केची साक्ष आणि काचेची निगा

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, महाराष्ट्र व मध्य प्रदेशाच्या आकाशातून जळत्या तुकड्यांची एक माळ संथपणे सरकत गेली आणि पाहणाऱ्यांपैकी अनेकांनी तिला उल्काच मानले. परंतु चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावी, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे सापडले आणि ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असा अभ्यासकांनी निर्वाळा दिला. खरा भेद वेगाचा होता. पृथ्वीभोवती फिरून खाली येणारा अवशेष सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने येतो, तर उल्का अकरा ते बहात्तर किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते. हा वेग मोजून त्याचा तारीखवार दाखला ठेवणे, हे सर्व आकाश एका दृष्टीत सामावणाऱ्या, मत्स्यनेत्री भिंगाच्या कॅमेऱ्याचे काम होय.

एकट्या कॅमेऱ्यास दिशा कळते, अंतर कळत नाही. म्हणून शंभरेक किलोमीटर अंतरावरील दोन ठिकाणांहून तीच उल्का टिपावी लागते. मग तिची उंची, वेग आणि सूर्याभोवतीची मूळ कक्षा गणिताने निघते. ७ एप्रिल १९५९ रोजी तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील प्रिब्रम येथे पडलेल्या अशनीची, म्हणजे जमिनीपर्यंत पोहोचलेल्या उल्केची, कक्षा खगोलशास्त्रज्ञ झ्देन्येक त्सेप्लेखा यांनी अशाच छायाचित्रांवरून काढली आणि ती लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत पोहोचते, असे दाखविले. छायाचित्रांवरून जिचे मूळ कळले अशी ती पहिली अशनी.

परंतु या साक्षीचे मोल कॅमेऱ्याच्या किमतीवर नव्हे, तर त्याच्या नित्य देखभालीवर अवलंबून असते. मराठवाड्याच्या उन्हात भिंगावरील ॲक्रिलिकचा घुमट कालांतराने पिवळा पडतो व त्यावर बारीक तडे जातात. तो वेळीच बदलावा लागतो. धूळ कोरड्या फडक्याने घासल्यास ओरखडे उमटतात, म्हणून आधी ती फुंकून वा पाण्याने काढावी आणि मगच मऊ कापड फिरवावे. डिसेंबरच्या मध्यास, मिथुन राशीतून उगम पावणारा उल्कावर्षाव ऐन भरात असताना, दव घुमटावर साचून आकाश पुसून टाकते. त्याचा बंदोबस्त घुमटालगतच्या लहानशा तापकाने आणि आतील ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीने करतात. कोळ्याचे जाळे, पक्ष्यांची विष्ठा, वळवाच्या विजा आणि भारनियमन यांच्यासाठीही आगाऊ तजवीज हवी.

याहून सूक्ष्म निगा घड्याळाची. चार मिनिटांत आकाश एक अंश सरकते आणि शंभर किलोमीटर अंतरावर एक अंश म्हणजे जवळजवळ पावणेदोन किलोमीटर. तेव्हा घड्याळ चुकले, तर ताऱ्यांवरून बसविलेले दिशांचे मोजमापही चुकते. यास्तव वेळ उपग्रहाशी अथवा इंटरनेटवरील प्रमाणवेळेशी सतत जुळवून ठेवतात. तसेच वाऱ्याने किंवा साफसफाई करताना कॅमेरा तसूभर जरी हलला, तरी ज्ञात ताऱ्यांच्या स्थानांवरून तो पुन्हा पडताळून घेतात.

हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजार या गावाचा विचार या दृष्टीने करण्याजोगा आहे. ज्या औंढा नागनाथ तालुक्यात ते वसले आहे, तेथेच गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाची जागा आहे. आणि आघाताने निर्माण झालेले लोणारचे विवर तेथून शंभर किलोमीटरच्या आत आहे. शाळेच्या गच्चीवर एक कॅमेरा येथे आणि दुसरा लोणारास बसवला, तर एकाच उल्केच्या दोन साक्षी मिळू शकतील. त्यासाठी प्रचंड द्रव्यबळ लागणार नाही. घुमट पुसणारा, घड्याळ तपासणारा आणि प्रत्येक रात्रीची नोंद कसूर न करता रोजनाम्यात लिहिणारा विद्यार्थिवर्ग मात्र लागेल. वर्षानुवर्षे अखंड चाललेली अशी नोंद हीच पुढच्या संशोधकाची खरी ठेव असते, आणि ती जमवण्याचा अधिकार मोठ्या वेधशाळांइतकाच लहान गावांनाही आहे.