एक प्रत घराबाहेर

मंडळी, २६ जुलै २००५ आठवा. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच वेळी कुलाब्याला जेमतेम ७३. मुंबई एकच, पण एका टोकाला घरं बुडाली, दुसऱ्या टोकाला साधा पावसाळी दिवस होता. बॅकअपचं गणित यातच आहे.

आपण काय करतो? आईबाबांचे जुने फोटो, घराची कागदपत्रं कॉम्प्युटरवर, आणि त्यांची प्रत असलेली डिस्क त्याच टेबलाच्या खणात. हिंदमाताला पाणी भरलं, शॉर्टसर्किट झालं, चोरी झाली, की दोन्ही एकदम जातात.

म्हणून आम्ही ३-२-१ सांगतो: प्रती तीन, साधनं दोन वेगळी, आणि एक प्रत घराबाहेर. परळला राहत असाल तर दोन डिस्क घ्या. एक घरी, दुसरी गिरगावात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मावशीकडे. महिन्यातून एकदा अदलाबदल करा. दोन्ही एन्क्रिप्ट करा. पासवर्ड वेगळा लिहून ठेवा, तो हरवला तर फायली तुम्हालाही उघडणार नाहीत. काम झालं की घरची डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप घालतं. क्लाउडच्या सिंकवर विसंबू नका. इकडे पुसलेली फाईल तिकडूनही पुसली जाते.

आणि आज घरी गेल्यावर एवढं करा: बॅकअपमधली एक फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.