योगाभ्यासाचा श्रीगणेशा : घाई नको, खंड नको

दरवर्षी २१ जूनच्या सकाळी देशभरातील मैदाने, शाळांची पटांगणे, सोसायट्यांच्या गच्च्या आणि कार्यालयांची सभागृहे रंगीबेरंगी सतरंज्यांनी भरून जातात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव संमत केला आणि २०१५ पासून हा दिवस आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होऊ लागला. त्या सकाळी अनेकांच्या मनात एक संकल्प जागा होतो. नवी चटई विकत घेतली जाते, पहाटेचा गजर लावला जातो. जुलै सरता सरता मात्र तीच चटई गुंडाळून कपाटामागे उभी केलेली दिसते. कोणाची कंबर धरलेली असते, कोणाची मान आखडलेली असते, तर कोणाला वेळेचे गणित साधलेले नसते. ‘योग आपल्याला मानवत नाही’ असा निष्कर्ष काढून विषय तेथेच संपविला जातो.

वास्तविक अशा वेळी चूक बहुधा आरंभातच झालेली असते. जे महिनोन्महिने हळूहळू साधावयाचे, ते पहिल्याच आठवड्यात करून पाहण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. दिवसाचे आठ-नऊ तास संगणकासमोर किंवा काउंटरमागे बसून काढणाऱ्या, चाळिशी-पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाचे शरीर ताठरलेले असते. त्याला योगाची गरज सर्वांत अधिक, आणि चुकीच्या सुरुवातीचा धोकाही त्यालाच सर्वांत अधिक. म्हणूनच आरंभ कसा करावा, कोणाकडून शिकावे आणि कोणत्या साधनांवर विश्वास ठेवावा, याचा विचार चटई पसरण्यापूर्वीच व्हावयास हवा.

तीनशे आठवड्यांचा धडा

योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक आहे. १९१८ साली कर्नाटकातील बेल्लूर येथे जन्मलेल्या अय्यंगारांचे बालपण दुखण्यांतच गेले. हिवताप, विषमज्वर आणि क्षय या तिन्ही व्याधींनी त्यांना ग्रासले होते. १९३४ साली ते म्हैसूरला आपले मेहुणे टी. कृष्णम्माचार्य यांच्याकडे गेले आणि तेथे त्यांचा योगाशी परिचय झाला. १९३७ साली, वयाची विशीही गाठलेली नसताना, योग शिकविण्यासाठी ते पुण्यात आले. शहर अनोळखी, मराठीचा गंध नाही आणि गाठीशी अनुभवही बेताचाच. त्या काळात त्यांनी एकट्याने तासन्‌तास सराव केला, चुका केल्या, वेदना सोसल्या आणि त्यांतूनच प्रत्येक आसनाचा बारकावा शोधला.

या साधनेचे फळ म्हणजे १९६६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेला ‘लाइट ऑन योग’ हा ग्रंथ. मराठी वाचकांना तो ‘योगदीपिका’ या नावाने परिचित आहे. २०० आसने आणि सुमारे ६०० छायाचित्रे असलेल्या या ग्रंथाच्या शेवटी अभ्यासाचा एक क्रम दिलेला आहे. तो क्रम आहे ३०० आठवड्यांचा! म्हणजे जवळजवळ सहा वर्षांचा. पुस्तकातील एखादे विलक्षण छायाचित्र पाहून दुसऱ्याच दिवशी त्याचे अनुकरण करू पाहणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. २०१४ साली वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी अय्यंगारांचे निधन झाले. अगदी उतारवयापर्यंत त्यांचा नित्य अभ्यास चालू होता. दुखणाइत बालपणापासून त्या वयापर्यंतची ही वाटचाल एका उडीत झालेली नव्हती.

थोडी आसनेही पुरतात

नवशिक्याला आणखी एक भीती वाटत असते, ती आसनांच्या संख्येची. परंपरा काय सांगते हे पाहिले की ही भीती दूर होते. पतंजलींच्या योगसूत्रांची संख्या २०० च्या आतच आहे आणि त्यांपैकी थेट आसनाविषयीची सूत्रे अवघी ३ आहेत. आसन स्थिर असावे व सुखकर असावे, एवढीच त्यांची मूलभूत अपेक्षा. यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी या आठ अंगांपैकी आसन हे केवळ एक अंग होय. पुढील काळातील ‘हठप्रदीपिके’त १५, तर ‘घेरंडसंहिते’त ३२ आसनांचे वर्णन येते.

महाराष्ट्रात घरोघरी परिचित असलेल्या सूर्यनमस्काराची आजची मालिका या जुन्या हठयोगग्रंथांत आढळत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शाळाशाळांतून तिचा हिरिरीने प्रसार केला. सूर्यनमस्कार हा उत्तम व्यायाम आहे. परंतु अनेक वर्षे व्यायामाची सवय नसलेल्याने पहिल्याच दिवशी बारा नमस्कारांचा आग्रह धरू नये. दोन-तीन नमस्कारांनी आरंभ करून संख्या हळूहळू वाढवावी, हेच श्रेयस्कर.

आधी प्रकृतीचा ताळेबंद

कोणताही व्यवहार करण्यापूर्वी आपण खात्यातील शिल्लक पाहतो. तद्वत योगारंभापूर्वी प्रकृतीचा ताळेबंद पाहणे आवश्यक ठरते. उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, मणक्याचे किंवा मानेचे दुखणे, हर्निया अथवा अलीकडेच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांचा सल्ला प्रथम घ्यावा.

याची कारणे साधी आहेत. शीर्षासनासारख्या उलट्या आसनांत डोळ्यांतील दाब वाढतो. म्हणून काचबिंदू असलेल्यांनी ती टाळावीत. रक्तदाब नियंत्रणात नसणाऱ्यांनीही त्यांच्या वाटेस जाऊ नये. सर्वांगासन व हलासन यांत मानेवर मोठा ताण येतो. मानेच्या मणक्यांची झीज झालेल्यांना ती अपायकारक ठरू शकतात. कपालभातीत पोटाला वेगाने झटके दिले जातात. हर्निया असलेल्यांनी, पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी ती करू नये. हृदयविकार असलेल्यांनी श्वास रोखून धरण्याचा प्रयोग टाळावा. गुडघे दुखत असतील तर वज्रासनाचा हट्टही नको.

सर्वांत महत्त्वाची बाब औषधांची. योगाभ्यासाने बरे वाटू लागले म्हणून मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. मात्रा कमी करावयाची की नाही, हे तपासणीनंतर डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. योग हा उपचारांचा सोबती आहे, त्यांची जागा घेणारा नव्हे.

पहिले तीन महिने

आरंभी रोज वीस ते तीस मिनिटे पुरेशी आहेत. सकाळी पोट रिकामे असताना अभ्यास करणे उत्तम. ते शक्य नसेल तर सायंकाळी करावा, मात्र जेवणानंतर किमान तीन-चार तासांचे अंतर असावे. सैल कपडे, हवेशीर जागा आणि न घसरणारी चटई अथवा जाड सतरंजी एवढे साहित्य पुरते.

पहिल्या महिन्यात मान, खांदे, कंबर व गुडघे यांच्या सावकाश हालचाली कराव्यात. त्यानंतर ताडासन, पवनमुक्तासन, भुजंगासन, वक्रासन, मकरासन अशी सोपी आसने शिकावीत. शेवटी पाच मिनिटे शवासन करावे. घाईगर्दीच्या आयुष्यात नेमके हेच आसन गाळले जाते. वास्तविक निश्चल पडून राहणे ही अनेकांसाठी सर्वांत अवघड गोष्ट असते. दुसऱ्या महिन्यात आसनात थांबण्याचा अवधी थोडा वाढवावा आणि संथ, दीर्घ श्वसनाची जोड द्यावी. तिसऱ्या महिन्यात श्वास न रोखता अनुलोम-विलोम शिकण्यास हरकत नाही.

एक नियम मात्र कायमचा ध्यानात ठेवावा. स्नायूंना जाणवणारा सौम्य ताण स्वाभाविक आहे. सांध्यात उठणारी तीव्र कळ हा थांबण्याचा इशारा आहे. श्वास अडखळू लागला की आपण मर्यादा ओलांडली, असे समजावे. शेजारच्या चटईवरील व्यक्ती किती वाकते, याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते.

शिक्षकाची पारख

पहिले काही आठवडे तरी प्रत्यक्ष शिक्षकाकडे शिकणे हिताचे आहे. खांदा कललेला आहे की कंबर चुकीच्या जागी वाकली आहे, हे स्वतःला दिसत नाही. ते शिक्षकाच्या नजरेला दिसते. चांगला शिक्षक पहिल्याच दिवशी जुन्या दुखण्यांची चौकशी करतो. वर्गात फिरून प्रत्येकाकडे लक्ष देतो, न जमणाऱ्यास पर्याय सुचवितो आणि काय करू नये हेही आवर्जून सांगतो. याउलट, महिन्याभरात कोणताही आजार मुळापासून घालविण्याची हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. योगशिक्षकांच्या प्रमाणीकरणासाठी आयुष मंत्रालयाच्या अंतर्गत योग प्रमाणन मंडळ २०१८ साली स्थापन झाले. शिक्षकाकडे त्याचे अथवा एखाद्या मान्यवर संस्थेचे प्रमाणपत्र आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

महाराष्ट्राला या क्षेत्रात मोठी परंपरा लाभली आहे. नर्मदाकाठी मालसर येथे राहणाऱ्या परमहंस माधवदास यांच्या दोन शिष्यांनी येथे दोन संस्था उभ्या केल्या. श्री योगेंद्र यांनी १९१८ साली मुंबईत ‘द योग इन्स्टिट्यूट’ची स्थापना केली, ती आज सांताक्रूझ येथे आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ स्थापून प्रयोगशाळेच्या साहाय्याने योगक्रियांचा अभ्यास आरंभिला आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. पुण्यात १९७५ साली सुरू झालेली ‘रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था’, नाशिकचे ‘योग विद्या धाम’, ठाण्याचे ‘घंटाळी मित्र मंडळ’ आणि नागपूरचे ‘जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ’ या संस्थांनीही हजारो सामान्य गृहस्थांना योगाची गोडी लावली आहे.

बदलीच्या निमित्ताने अथवा व्यवसायासाठी महाराष्ट्राबाहेर गेलेल्यांनाही मार्गदर्शनाची उणीव भासण्याचे कारण नाही. दिल्लीत मोरारजी देसाई राष्ट्रीय योग संस्था आहे, बिहारमध्ये मुंगेर येथे स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी स्थापन केलेले ‘बिहार योग विद्यालय’ आहे, तर बंगळुरूजवळ ‘स्वामी विवेकानंद योग अनुसंधान संस्थान’ हे अभिमत विद्यापीठ आहे. गाव बदलले की शिक्षक बदलतो, पद्धतीही थोडीफार बदलते. अशा वेळी जुन्या-नव्याची सरमिसळ न करता काही महिने एकाच पद्धतीचा अवलंब करावा.

पुस्तके आणि चित्रफिती

शिक्षकाने दाखविलेले घरी आठवावे, यासाठी पुस्तक उपयोगी पडते. ‘योगदीपिका’ हा संदर्भग्रंथ संग्रही असावा असाच आहे. मात्र त्यातील क्रम सोडून मधलीच पाने उघडू नयेत. बिहार योग विद्यालयाचे ‘आसन प्राणायाम मुद्रा बंध’ हे पुस्तक पायरीपायरीने रचलेले असून त्याचा आरंभ सांधे सैल करणाऱ्या क्रियांनी होतो. योगामागील विचार समजून घ्यावयाचा असेल, तर कृष्णाजी केशव कोल्हटकर यांचे पातंजल योगदर्शनावरील विस्तृत मराठी विवेचन सवडीने वाचावे. आयुष मंत्रालयाने योग दिनासाठी तयार केलेला ‘सामान्य योग अभ्यासक्रम’ सुमारे ४५ मिनिटांचा आहे. चालनक्रिया, आसने, प्राणायाम व ध्यान यांचा क्रम त्यात सुबोधपणे मांडलेला असल्याने घरगुती अभ्यासास तो उपयुक्त ठरतो.

आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर असंख्य चित्रफिती उपलब्ध आहेत. त्या निवडतानाही शिक्षकाची कसोटीच लावावी. आसनात जाण्याची व त्यातून बाहेर येण्याची कृती सावकाश दाखविली आहे का? श्वास केव्हा घ्यावा व केव्हा सोडावा, हे सांगितले आहे का? ते आसन कोणी करू नये, याचा उल्लेख आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तरच ती चित्रफीत उपयोगाची. प्रथम ती बसून संपूर्ण पाहावी आणि मगच चटईवर उतरावे. पडद्याकडे पाहण्यासाठी मान वळवून केलेले आसन लाभाऐवजी दुखणे देऊन जाते.

नियमिततेची ठेव

बँकेच्या ग्राहकांना आवर्ती ठेवीचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. दरमहा भरलेली रक्कम लहान असते. हप्ता चुकला नाही की मुदतीअखेर तिचे मोल कळते. योगाभ्यासाचा हिशेबही असाच आहे. रविवारी दोन तास घाम गाळून उरलेले सहा दिवस विसरण्यापेक्षा रोजची वीस मिनिटे अधिक फलदायी होत. एखादे दिवशी प्रवास, आजारपण किंवा वर्षअखेरीचे काम यांमुळे खंड पडला, तर मनाला लावून घेऊ नये. दुसऱ्या दिवशी किमान शवासन व दीर्घ श्वसन करून खाते पुन्हा चालू करावे.

कपाटामागे उभी असलेली चटई त्यासाठी पुरेशी आहे. ती उलगडण्याकरिता पुढच्या २१ जूनची वाट पाहण्याचे कारण नाही. उद्याची सकाळही तितकीच शुभ आहे.