म्होरकी दिसली की घोडं का पळतं?

मार्गशीर्षातल्या येळवशीच्या सुमारास नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजारही. गिऱ्हाईक दात पाहून वय ठरवतं. पंचकल्याणी आहे का, गळ्यावर देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा भोवरा, आहे का, नको त्या जागी भोवरा तर नाही ना, चाल कशी, हे सगळं बारकाईनं तपासलं जातं. मोकळं सोडल्यावर हे जनावर हाताला लागतं का, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. बाजारात घोडं कायम बांधलेलं, त्यामुळे विचारलं तरी दिसणार कसं? खरी परीक्षा होते ती घरी नेल्यावर, उदगीरकडच्या एखाद्या माळावर. दिवस कलतो, मालक म्होरकी घेऊन निघतो आणि घोडं मान वर करून त्याच्याकडे एकदा पाहतं नि चौखूर सुटतं.

बांधावर उभ्या असलेल्या मंडळींचा पहिला निवाडा ठरलेला: ‘माजलंय, दुसरं काय!’

उदगीरचा हा मुलूख देवणी गाईंचा. इथल्या माणसाची जनावराची समजूत गाई-बैलांवर घडलेली आहे, आणि घोड्याबाबत निम्मा घोटाळा तिथूनच सुरू होतो. गाय सांजेला आपसूक गोठ्याकडे वळते, कारण सड भरलेले असतात, वासरू वाट पाहत असतं आणि दिवसभर खाल्लेलं निवांत बसून रवंथ करायचं असतं. घोडं रवंथ करत नाही. अंगाच्या मानानं त्याचं पोट लहान असतं. थोडं थोडं पण सतत खाणं ही त्याची रीत, आणि मोकळं असलं तर दिवसाचे 15-16 तास ते चरण्यातच घालवतं. म्हणजे गाईसाठी जी घरी परतायची वेळ, तीच घोड्यासाठी भरल्या ताटावरून उठायची वेळ ठरते. पुढं खोगीर, ओझं किंवा लग्नसराईत डीजेच्या भिंतीसमोर तासन्‌तास उभं राहणं असेल, तर त्यानं यावं तरी कशासाठी? मालकाची जिरवायची म्हणून ते पळत नसतं. मागच्या खेपेला म्होरकी चढल्यावर काय झालं, ते त्याच्या पक्कं लक्षात असतं.

दुसरा गैरसमज पायांना महागात पडतो. चार पोरं काठ्या घेऊन चार बाजूंनी सोडायची, घोडं दमेल आणि थांबेल, असा हिशेब असतो. चांगलं घोडं भरधाव सुटलं की ताशी पन्नासेक किलोमीटरचा वेग गाठतं. तेवढ्यात पोरं एक बांधही ओलांडत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे, पळालं की माणसं मागं राहतात हा धडा घोडं प्रत्येक फेरीला नव्यानं गिरवतं. ओरडा जितका मोठा, तितका धडा पक्का.

जाणता माणूस वेगळाच चालतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. नेमकं शेपटीमागचं आणि अगदी कपाळासमोरचं तेवढं दिसत नाही. म्हणून हा माणूस ना मागून जातो, ना नाकासमोर. तो तिरपा, खांद्याच्या रोखानं, रमतगमत निघतो. दोरी लपवत नाही आणि नाचवतही नाही. घोड्यानं चरणं थांबवलं, एक कान त्याच्याकडे वळवला, की तो तिथंच थांबतो. अंगाचा भार पुढच्या एका पायावर गेला म्हणजे घोडं निघायच्या बेतात आहे हे ओळखून तो पाऊलभर मागं सरतो, नजर खाली घेतो. घोड्याला हवी असते ती ढील इथं न पळताच मिळते. असं दोन-चारदा झालं की खालचं डोकं खालीच राहतं. जवळ पोचल्यावर हात तोंडाकडे जात नाही. तो आधी खांद्यावर, मग आयाळ जिथं संपते त्या उंचवट्यावर जातो आणि तिथं खाजवतो. घोडी एकमेकांना नेमकी तिथंच खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवरचा 1993 सालचा अभ्यास सांगतो की, त्या जागी खाजवलं की घोड्याच्या काळजाचे ठोके मंदावतात. मग दोरी मानेवरून पलीकडे जाते, आणि म्होरकी सगळ्यात शेवटी.

तोबऱ्यात मूठभर हरभरा टाकून हलवला की काम फत्ते, असंही म्हणतात. हे अर्धं खरं आहे. घोडं चंदीला येतं, पण तोंड घालताच मानेवर झडप पडत असेल, तर लवकरच ते घास उचलून अंग चोरायला शिकतं. माळावर पाच-सहा घोडी असतील तर तोबरा घेऊन त्यांच्यात शिरणं म्हणजे आपण होऊन लाथा खाणं. अशा वेळी कळपाची पुढारी घोडी आधी धरावी, बाकीची बहुधा मागोमाग येतात. आणि चंदी द्यायची ती म्होरकी चढल्यावर. कधी कधी तर घोडं धरावं, खाऊ घालावं, खाजवावं आणि तिथंच पुन्हा सोडून द्यावं. हा उपाय ऐकून गावातले लोक हसतात. पण धरणं म्हणजे दर वेळी कामाला जुंपणं नव्हे, हे घोड्याला कळायचा दुसरा मार्ग नाही.

याच्या नेमकं उलट करायचं असेल, तर तासभर दमवणारं घोडं हाती लागताच त्याला दोन फटके द्यावेत. मालकाला वाटतं, पळण्याची शिक्षा दिली. घोड्यापुरती मात्र ती थांबण्याची शिक्षा असते, कारण फटका बसला तेव्हा ते उभं होतं. उद्या ते थांबणार नाही.

पूर्वीची घोडी हाकेसरशी यायची, अशी एक हळहळ उदगीरच्या किल्ल्याच्या सावलीत हमखास ऐकू येते. फेब्रुवारी 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथं नमवलं, तेव्हा या परिसरात हजारोंनी घोडी होती. पण छावणीतली ती घोडी अगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून नि मागून दोरांनी खिळवून ठेवलेली असत. धनगरांच्या तट्टांना आजही चरताना पुढच्या पायात पायबंद असतो. त्याचाही भरवसा किती धरावा? सरावलेलं तट्टू दोन्ही पाय एकदम उचलत उड्या मारत चांगलंच लांब जातं, आणि नायलॉनची दोरी असेल तर पाय सोलून निघतो. म्होरकी अंगावर ठेवूनच सोडायची तर बाभळीच्या फांदीत अडकून मान पिरगळायची भीती.

राहिली स्वामिभक्ती. घोडं माणूस ओळखतं, यात शंका नाही. ससेक्स विद्यापीठाच्या 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात घोड्यांना सकाळी एखाद्याचा रागावलेल्या चेहऱ्याचा फोटो दाखवला. दुपारी तोच माणूस साध्या चेहऱ्यानं समोर आला, तरी घोडी त्याच्याकडे सावधपणेच पाहत होती. पण मागं मागं येणारं घोडं आपल्याला मनोमन धनी मानतं, हा भ्रम आहे. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी माणसाऐवजी रिमोटवर चालणारी खेळण्यातली मोटार वापरली. मोटार घोड्याच्या मागं लागायची आणि ते तिच्याकडे वळलं की तिचा त्रास थांबायचा. काही वेळातच घोडी त्या मोटारीकडेही आपणहून वळू लागली.

हे सारं झालं सवयीनं पळणाऱ्या घोड्याचं. वर्षानुवर्षं हाताला येणारं घोडं एकाएकी टाळू लागलं, तर मात्र युक्त्या बाजूला ठेवाव्यात आणि आधी खोगिराखाली हात फिरवावा. पाठ लागली असेल, नाल टोचत असेल, दाढेची धार गालाला कापत असेल. काही दुखत असेल तर ते म्होरकीपासूनच लांब पळेल. उदगीरकरांना त्यासाठी दूर जायलाही नको, पशुवैद्यकीय महाविद्यालय गावातच आहे.