चौकट कुजली, गाभा टिकला

मुलुंडच्या आमच्या घरात न्हाणीघराच्या दाराची चौकट सागवानी होती. तरीही पंधरा पावसाळ्यांत ती खालून कुजली. सुतार ती काढत असताना आम्ही नीट पाहिले. कुजली होती ती फक्त फिकट, पांढुरकी कड. तिला लागूनच असलेले तपकिरी लाकूड ठणठणीत होते. एकाच झाडाच्या लाकडात हा भेद कसा?

लाकूड कुजते म्हणजे बुरशी ते खाते. बुरशीला हवा, ऊब आणि ओल लागते. लाकडातील पाणी कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून कमी असेल, तर ती सहसा वाढू शकत नाही.

खोडाच्या बाहेरच्या भागात जिवंत पेशी असतात. हा भाग पाणी वर नेतो आणि पिष्ट साठवतो. हे रसकाष्ठ. बुरशीला ते आयते अन्नच! वय वाढते तशा आतल्या पेशी मरतात. पण मरताना साठवलेल्या अन्नापासून काही निराळी द्रव्ये बनवून ठेवतात. हे मध्यकाष्ठ, म्हणजे गाभा. सागाच्या गाभ्यातील टेक्टोक्विनोन वाळवीला मानवत नाही, तर इतर काही द्रव्ये बुरशीला रोखतात. सागाची कीर्ती आहे ती या गाभ्याची.

असा गाभा कोरडा राहिला तर किती टिकतो? कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या सागवानी फासळ्या सुमारे २००० वर्षांनंतरही जागेवर आहेत.

कोवळ्या झाडात रसकाष्ठाचे प्रमाण जास्त असते. भरपूर गाभा धरायला सागाला अनेक दशके लागतात. पन्नास वर्षे वाढलेल्या झाडाची चौकट पंधरा वर्षांत कुजली, तर जंगलाला ही उणीव भरून काढता येणार नाही. तीच शंभर वर्षे टिकली, तर तेवढ्या काळात नवे झाड तयार होईल. म्हणून अंधेरी-घाटकोपरची जुनी घरे पाडताना निघणाऱ्या तुळया सरपणात जाऊ नयेत. तो तयार गाभा आहे. शिवाय कोरड्या लाकडाच्या वजनात निम्मा कार्बन असतो. तुळई जाळली की तो हवेत जातो.

वर्गात हे पडताळून पाहता येईल. वखारीतून एकाच सागाचे फिकट आणि तपकिरी असे दोन तुकडे आणा. उन्हात वाळवून वजन करा आणि जूनमध्ये शाळेच्या आवारात मातीत पुरा. दिवाळीनंतर काढून, पुन्हा वाळवून वजन करा. कोणता तुकडा जास्त घटला, हे मुलेच सांगतील.