बावीस नंबरच्या रस्त्यावरची दहा वर्षं

लाँगव्ह्यू मागे पडलं की बावीस नंबरचा हायवे दक्षिणेची वाट धरतो आणि लंडब्रेकपर्यंतच्या शंभरेक किलोमीटरमध्ये गाव म्हणावं असं काही लागत नाही. उजव्या हाताला लिव्हिंगस्टन पर्वतरांग, डाव्या हाताला पॉर्क्युपाइन टेकड्या आणि मधे गवत. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातले लोक याला ‘काउबॉय ट्रेल’ म्हणतात. गेली दहा वर्षं आम्ही कॅल्गरीहून निघून या रस्त्यावर आणि त्याच्या आसपासच्या खडीच्या रस्त्यांवर भटकतो आहोत. नवरा गाडी चालवतो, मी फोटो काढते. मागच्या हिवाळ्यात २०१५ पासूनचे फोटो सलग लावून पाहिले, तेव्हा एक बदल ठळक दिसला. सुरुवातीच्या फोटोंत रॉकी पर्वत चौकटभर आहेत. पुढे वर्षागणिक ते लहान होत जातात आणि खालून माळ वर चढत येतो. अलीकडच्या कित्येक फोटोंत डोंगर म्हणजे क्षितिजावरची एक निळी कड उरली आहे. बाकी सगळं गवत, शेत आणि आभाळ.

हे ठरवून झालेलं नाही. याचं बरंचसं श्रेय चिनूक नावाच्या वाऱ्याला जातं.

पॅसिफिकवरून येणारा दमट वारा रॉकीजवर चढतो, आपलं पाणी ब्रिटिश कोलंबियाच्या बाजूला पाऊस-बर्फाच्या रूपाने टाकून देतो आणि कोरडा होऊन अल्बर्टाच्या उतारावर कोसळतो. उतरताना दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी तो तापत येतो. कोकणात धो धो पाऊस पाडून माण-खटावला कोरडं ठेवणारा सह्याद्री आपल्याला माहीत आहे, म्हणजे यातली निम्मी गोष्ट माहीत आहे. उरलेली निम्मी म्हणजे ही ऊब. रात्री उणे वीसमध्ये गारठलेल्या गावात सकाळी छपरांवरून पागोळ्या गळत असतात. पिंचर क्रीकला जानेवारी १९६२ मध्ये तासाभरात तापमान उणे १९ वरून २२ अंशांवर गेल्याची नोंद आहे.

हा वारा येतो तेव्हा पश्चिमेच्या आभाळात ढगांची लांबच लांब कमान उभी राहते. कमानीच्या वर राखाडी ढगांचं छत आणि खाली, डोंगरांच्या माथ्याला लागून, स्वच्छ आभाळाची पट्टी. मावळता सूर्य त्या पट्टीत उतरला की ढगांचं पोट खालून पेटतं. आधी पिवळं, मग केशरी, मग जांभळट लाल. काही मिनिटांत सगळं विझतं. हे दृश्य लांबच्या लेन्सने जवळ ओढता येत नाही, कारण कमान तुटते. कमान पुरती धरायची तर वीस-चोवीस मिलिमीटरची लेन्स लावावी लागते, आणि मग डोंगर आपोआप इवलेसे होतात. माझ्या चौकटीतले डोंगर पहिल्यांदा लहान झाले ते या कमानीपायी.

आणि ते लहान झाल्यावर खालचं गवत दिसायला लागलं. इथलं मूळचं गवत म्हणजे रफ फेस्क्यू, अल्बर्टाचं राज्यगवत. झुबक्या-झुबक्यांनी वाढतं, शरदात उभ्या उभ्या वाळतं आणि वाळल्यावरही त्यातला कस टिकून राहतो. चिनूकने बर्फ वितळवला की हे गवत भर हिवाळ्यात उघडं पडतं. म्हणून बायसनचे कळप हिवाळा काढायला पायथ्याच्या या टेकड्यांत यायचे आणि त्यांच्या मागोमाग ब्लॅकफूट लोक. हेड-स्मॅश्ड-इन इथल्या कड्यावरून बायसनांचे कळप लोटून शिकार करण्याची रीत सुमारे सहा हजार वर्षं चालली. १९८१ मध्ये ते ठिकाण जागतिक वारसा यादीत गेलं. बायसन संपवले गेल्यावर त्याच गवतावर गुरं आली. लाँगव्ह्यूजवळचं बार यू रँच १८८२ चं. डोंगर, वारा, गवत, जनावर, माणूस ही एकच साखळी आहे. नुसत्या शिखराचा फोटो काढला की तिची एकच कडी हाती लागते, असं मला आता पक्कं वाटतं.

माळावर फोटो काढणं डोंगरापेक्षा अवघड आहे. डोंगर स्वतःच उभी रेघ देतो. माळावर ती शोधावी लागते: कुंपणाचा खांब, एकटं पॉपलरचं झाड, पवनचक्की, धान्याचं कोठार. इथल्या रस्त्यांची आखणीही डोक्यात बसावी लागते. एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीने सगळी प्रेअरी एक मैल बाय एक मैल अशा चौकोनांत कापली आहे. उत्तर-दक्षिण जाणारे रेंज रोड मैला-मैलावर, पूर्व-पश्चिम जाणारे टाउनशिप रोड दोन-दोन मैलांवर. पण पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेकडे जाताना रेखांश जवळ येतात, चौकोन जुळत नाहीत, म्हणून ठरावीक अंतरावर मोजणी नव्याने जुळवून घेतलेली आहे. सरळसोट चाललेला रस्ता तिथे एकाएकी बाजूला सरकतो आणि मग पुन्हा सरळ निघतो. अशा सरकलेल्या वळणावर उभं राहिलं की रस्ता चौकटीत तिरपा येतो आणि नजर त्याच्याबरोबर आत जाते. मोजणीदारांनी पृथ्वीच्या गोलाईशी केलेली ही तडजोड माझ्या फार उपयोगी पडली आहे.

कोठारांबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. लाकडी ग्रेन एलिव्हेटर ही प्रेअरीची खूण. रेल्वेच्या कडेला, शेतकऱ्याने घोडागाडीने दिवसाभरात धान्य पोचवून घरी परत यावं एवढ्या अंतरावर एकेक उभारलेलं. जवळ जाऊन पाहिलं तर भिंती कशा बांधल्या ते कळतं: फळ्या आडव्या, एकीवर एक सपाट ठेवून खिळ्यांनी ठोकलेल्या, म्हणजे हजारो मण गव्हाचा दाब बाहेर आला तरी भिंत फुगू नये. १९३० च्या दशकात पश्चिम कॅनडात अशी साडेपाच हजारांवर कोठारं होती. पुढे ट्रक आले, रेल्वेचे लहान फाटे बंद पडले, मोठमोठी काँक्रीटची कोठारं उभी राहिली आणि लाकडी कोठारं पाडली जाऊ लागली. मोसलीला हायवे चोवीसवर तीन अजून ओळीने उभी आहेत. नॅन्टनची गावकऱ्यांनी धडपड करून वाचवली. ही कोठारं आणि त्यांच्यामागे रॉकीज असा फोटो घ्यायचा तर डोंगर सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर असतात. तिथे मी लांबची लेन्स लावते, ती दोघांमधलं अंतर मिटवते. पण हवा स्वच्छ हवी. त्यासाठी पाऊस होऊन गेल्यावरची सकाळ उत्तम.

सकाळच हवी, कारण इथे पर्वत पश्चिमेला आणि माळ पूर्वेला आहे. पहिलं ऊन माळ ओलांडून थेट शिखरांवर पडतं. संध्याकाळी त्याच शिखरांच्या नुसत्या काळ्या आकृती उरतात. संध्याकाळ माळाची: गवताचे तुरे पाठीमागून उजळतात आणि गवताच्या गोल गठ्ठ्यांच्या सावल्या शेतभर पसरतात. शिखरांवरच्या त्या पहिल्या उन्हासाठी जूनमध्ये पहाटे साडेपाचच्या आत जागेवर पोचावं लागतं. डिसेंबरात नाष्टा करून निघालं तरी सूर्योदय गाठता येतो. डिसेंबरात तर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साडेपंधरा अंशांच्या आसपासच असतो. पुण्यात त्याच दिवशी तो ४८ अंशांवर असतो. म्हणजे आपल्याकडे जो तिरपा, कोवळा प्रकाश तासभर मिळतो, तो इथे हिवाळ्यात दिवसभर असतो. थंडीला घाबरून हिवाळ्यात कॅमेरा कपाटात ठेवणाऱ्यांबद्दल मला खरोखर हळहळ वाटते. जादा बॅटऱ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवाव्या, बर्फ करडा येऊ नये म्हणून एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वाढवावं, घरी आल्यावर कॅमेरा लगेच बॅगेबाहेर काढू नये; एवढं सांभाळलं की झालं.

वसंत इथे येतो आणि जातो. वाळक्या गवतातून लवेने झाकलेले जांभळे क्रोकस वर येतात, खांबावर बसून मेडोलार्क गातो आणि मे महिन्यात पुन्हा हिमवादळ होतं.

जुलैच्या पूर्वार्धात कनोला फुलतो. मोहरीच्या कुळातलं पीक, तसाच पिवळा रंग, पण नजर पोचेल तिथवर. त्या दिवसांत गाड्या थांबवून लोक सरळ शेतात शिरतात. हे अजिबात करू नये. कनोलाला मुळांच्या गाठींचा रोग होतो आणि तो मातीतून पसरतो. बुटाला चिकटलेली माती एका शेतातून दुसऱ्या शेतात गेली की शेतकऱ्याची पुढची कित्येक वर्षं धोक्यात येतात. रस्त्याच्या कडेवरून कॅमेरा उंच धरून सुंदर फोटो मिळतो.

या दशकात उन्हाळ्याचा रंगच बदलला. माझ्या संग्रहातली २०१७, २०१८, २०२१ आणि २०२३ ची कितीतरी चित्रं पिवळट-तपकिरी आहेत आणि तो धूर आहे. २०२३ मध्ये कॅनडात दीड कोटी हेक्टरांच्या आसपास जंगल जळालं. दुपारी तीन वाजता सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येई आणि डोंगर जागेवर आहेत की नाही कळत नसे. वॉटर्टनचं उद्यान मला या सगळ्या मुलखात सर्वांत प्रिय. तिथे मधल्या टेकड्या जवळपास नाहीतच, माळ संपतो आणि डोंगर उभा राहतो. सप्टेंबर २०१७ मध्ये केनो वणव्यात त्या उद्यानाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग होरपळला. पुढच्या वर्षांत गेलो, तर काळ्या खोडांच्या रांगांमधून फायरवीडची गुलाबी-जांभळी फुलं कमरेएवढी वाढलेली. ते फोटो सुंदर आहेत, पण त्यांना सुंदर म्हणताना आजही मन कचरतं.

शरदात मी एका गोष्टीसाठी बाकी सगळं सोडते: हायवुड खिंडीतले लार्च. २,२०६ मीटरवरचा हा कॅनडातला सर्वांत उंच डांबरी रस्ता, दर वर्षी १ डिसेंबर ते १४ जून बंद. लार्च सूचिपर्णी असूनही पानं गाळतो. त्याच्या सुया फांदीवरच्या बारीक गाठींतून झुबक्यांनी निघतात आणि हाताला मऊ लागतात. सप्टेंबरच्या अखेरीस आठ-दहा दिवस त्या सोनेरी होतात. ऊन समोरून पडलं तर झाड नुसतं पिवळं दिसतं. झाड आपल्या आणि सूर्याच्या मधे आलं की सुईन् सुई वेगळी पेटते.

बर्मिसच्या झाडाचं सांगितल्याशिवाय हा मागोवा पुरा होणार नाही. क्रोजनेस्ट खिंडीकडे जाताना हायवे तीनच्या कडेला खडकावर उभा असलेला हा लिंबर पाइन १९७० च्या दशकातच मेला होता. साल गळालेली, लाकूड चांदीसारखं करडं, आणि पश्चिमेच्या वाऱ्याने सगळ्या फांद्या पूर्वेला पिळलेल्या. १९९८ मध्ये तो वाऱ्याने पडला, तर लोकांनी टेकू देऊन पुन्हा उभा केला. सप्टेंबर २०२४ मध्ये वाऱ्यानेच त्याला पुन्हा पाडलं. माझ्याकडे त्याचे सगळ्या ऋतूंतले फोटो आहेत. ते निवडताना मी आभाळ बघत असे: ढग कुठला, प्रकाश कसा. तो पडल्यावर मी सगळे फोटो पुन्हा चाळले आणि झाडाकडे बघून निवडले. लाकडातल्या चिरा, खडकात घुसलेली मुळं, मागचा टेकू. मागे वळून पाहताना जपून ठेवावेसे वाटले ते फोटो वेगळेच निघाले. याच जातीची जिवंत झाडं परदेशातून आलेल्या तांबेरा रोगाने मरत आहेत आणि अल्बर्टात लिंबर पाइन धोक्यातली जात म्हणून नोंदला गेला आहे. आता मी त्या जिवंत झाडांचे फोटो काढते, ढग असोत वा नसोत.

उन्हाळ्यात इथल्या मराठी घरांत आई-वडील, सासू-सासरे येतात आणि त्यांना बॅन्फ, लेक लुईझ, मोरेन लेक दाखवलं जातं. ते दाखवावंच. पण एक दिवस राखून त्यांना बावीसवरून न्यावं. सकाळी लवकर निघावं, पेट्रोल आधी भरावं, बार यू रँच बघावं, चेन लेक्सच्या काठी डबा सोडावा आणि लंडब्रेकच्या धबधब्यापर्यंत जावं. क्रोजनेस्टकडे थोडं पुढे गेलं तर १९०३ च्या एप्रिलमध्ये टर्टल माउंटनचा कडा फ्रँक गावावर कोसळला, त्याचे घराएवढे धोंडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतात. परतताना हायवे दोनने यावं आणि नॅन्टनला थांबून लाकडी कोठारं जवळून पाहावीत. फळ्या आडव्या कशा रचल्या आहेत ते तिथे नीट दिसतं.