ठोकलेली गाडी: दुरुस्ती की मोडीत?
नुसत्या चेपलेल्या पत्र्यावरून निर्णय घेऊ नका. बंपर, बॉनेट, दिवे बदलता येतात. पण चेसिस वाकली किंवा एअरबॅग उघडल्या, की खर्च झपाट्याने वाढतो. चेसिस वाकली आहे का हे ओळखायला दार लावताना घासतंय का, बॉनेटच्या दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का, हे नीट पाहा. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या ‘आयडीव्ही’च्या (पॉलिसीत ठरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला, तर विमा कंपनी सहसा गाडी ‘टोटल लॉस’ (पूर्ण नुकसान) धरते. स्वतःच्या नुकसानीचा विमाच नसेल, तर दुरुस्तीचं लेखी एस्टिमेट घ्या; दुरुस्त गाडीची किंमत आणि इंजिन, गिअरबॉक्स, टायर सुटे विकून मिळणारी रक्कम यांचा हिशेब मांडा. गाडी मोडीत काढलीत, तर १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्याच. नाहीतर तुमचा चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर चढू शकतो.